'ट्राइब'ला गेलिकमध्ये काय म्हणतात? क्लान, तूअ, फिने आणि बाकीची भावकी

पाटीपेन्सिल
आयरिश पुराणकथांच्या मराठी रूपांतराचं शब्दकाम चालू आहे. इंग्रजी मजकुरात जिथे तिथे 'ट्राइब' आहे. त्यामागचे गेलिक (म्हणजे आयरिश आणि तिची बहीण स्कॉटिश गेलिक) शब्द बघायला गेलं तर क्लान, तूअ, फिने, केनेल आणि ट्रेव असे पाच वेगळे शब्द निघतात. तीन प्रश्न आहेत. यातला खरा 'ट्राइब' कुठला? व्युत्पत्ती काय? आणि मराठीत सगळ्यांना 'टोळी' म्हटलं तर चालेल का? माझा समज असा की 'क्लान' हाच मूळ शब्द, बाकीचे त्याचे पर्याय.

धातुसाधित
'क्लान' आधी बाजूला काढा, सगळे तिथेच फसतात. सी-एल-ए-एन-एन असा लिहितात आणि त्याचा साधा अर्थ आहे मुलंबाळं. आजच्या आयरिशमध्येही तोच. 'बेर्त क्लिन्ये' म्हणजे दोन मुलं (कुणाला किती अपत्यं हे सांगताना). बाई गरोदर असली की ती 'क्लान वाहते आहे' असं म्हणतात. इथे 'टोळी' घालून बघा म्हणजे घोळ लक्षात येईल. 'अमक्याची मुलं' म्हणजे अमक्याचे वंशज, आणि त्यावरून त्या वंशजांचा गट, असा अर्थ ताणत गेला. स्कॉटलंडमधलं 'क्लान डॉनल' म्हणजे शब्दशः डॉनलची लेकरं. तिथून स्कॉट्स बोलीमार्गे इंग्रजीत 'क्लॅन' शिरला आणि मग इंग्रजी अर्थच मूळ अर्थ असल्यासारखा परत गेलिकवर लादला गेला.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात गेलिक नाहीच. लॅटिन 'प्लांता' म्हणजे लावायची फांदी, कलम, रोप. त्याचा हा अवतार. प चा क कसा झाला, ते नीट सांगतो, कारण 'ओढूनताणून जोडलंय' असं म्हणणारे हमखास येतात.

केल्टिक भाषांनी (आयरिश, वेल्श वगैरे) मूळ भारोपीय, म्हणजे संस्कृत-लॅटिनसकट सगळ्यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला, 'प' फार आधी टाकून दिला होता. संस्कृत पिता, लॅटिन पातेर, आयरिश 'आहिर'. संस्कृत पूर्ण, आयरिश 'लान' (भरलेलं). लॅटिन पिस्किस म्हणजे मासा, आयरिश 'इअस्क'. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीचा प गळालेला. पुढे ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द यायला लागले तेव्हा आयरिश तोंडात प हा ध्वनीच नव्हता. जवळचा म्हणून त्यांनी 'क्व' वापरला आणि कालांतराने त्याचा साधा 'क' झाला. पास्का (ईस्टर) चं 'काश्क', पुर्पुरा (जांभळा) चं 'कोर्कुर', प्लूमा (पीस) चं 'क्लूव'. त्याच रांगेत प्लांताचं 'क्लांद' आणि नंतर न्द चा न्न होऊन 'क्लान'. जुन्या हस्तलिखितांत शेवटी एन-डी दिसतं ते म्हणूनच.

नंतरच्या खेपेला आलेल्या शब्दांत प तसाच राहिला, कारण तोवर तो उच्चारायची सवय झाली होती. पाप या अर्थाचा 'पेक्कातुम' आयरिशमध्ये 'पाका' झाला, 'काका' नाही. म्हणजे शब्दाकडे बघून तो कुठल्या खेपेला आला हे सांगता येतं, आणि क्लान पहिल्या खेपेतला.

शेजारच्या वेल्श भाषेत प होता. तिथे हाच लॅटिन शब्द 'प्लांत' म्हणून गेला आणि त्याचाही अर्थ मुलं. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. (कारखान्याचा 'प्लांट' हाही त्याच प्लांताचा. एकाच रोपाची तीन कलमं.)

ओसरी
वा. आणि आपला 'वंश'? संस्कृतात वंश म्हणजे बांबू, वेळू. पेरापेराने वाढतो म्हणून पिढ्यांना तो शब्द. रोपावरून कूळ ही कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलेली दिसते.

धातुसाधित
हो, शब्द वेगळे, उपमा एक. गेलिकमध्ये याच बागेतला आणखी एक आहे: 'शील', म्हणजे बी. राजघराण्यांच्या नावांत 'शील अमुक' म्हणजे अमक्याचं बीज. हा मात्र अस्सल केल्टिक आहे, लॅटिन 'सेमेन' आणि इंग्रजी 'सीड' यांचा भाऊ. आपल्या 'शील'शी काही संबंध नाही, लिहून ठेवा, नाहीतर छापून आल्यावर कुणीतरी तो जोडेल.

कंदील
पाटीपेन्सिल, तुम्हाला हवा असलेला 'ट्राइब' बहुतेक वेळा 'तूअ' असतो. टी-यू-ए-टी-एच. शेवटचा टी-एच आज उच्चारत नाहीत. अनेकवचन 'तूअहा'. आयरिश टी इथे दंत्य आहे, म्हणून मराठीत 'त'च लिहा. इंग्रजी सवयीने 'टुआथ' लिहिलं की दोन्ही टोकांना चूक.

तूअ म्हणजे लोक आणि त्यांचा मुलूख, दोन्ही एकदम. रक्ताचं नातं ही अट नाही. एक राजा, एक सभा, एक कायद्याचं क्षेत्र, की झाली एक तूअ. पाचव्या ते बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये एका वेळी दीडशेच्या आसपास राजे असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. म्हणजे हे 'राजे' आपल्या कल्पनेतल्या छत्रपतींसारखे नव्हेत, देशमुखाच्या आसपासचे समजा. सन ७०० च्या सुमाराच्या एका कायदेग्रंथात अशा राजाची मानकिंमत ७ कुवल दिली आहे. कुवल म्हणजे मुळात दासी, पण व्यवहारात एक कुवल साधारण ३ दुभत्या गाई धरत. म्हणजे राजाची अब्रू गेली तर २१ गाई.

तूअ महत्त्वाची का, तर साध्या माणसाचे हक्क तिच्या हद्दीपुरते होते. हद्द ओलांडली की तो उपरा. कवी, धर्मगुरू आणि काही विद्यावंत यांचीच पत बाहेरही चाले. म्हणून कथांमध्ये कवी बिनधास्त हिंडतो आणि योद्धा सीमेवर अडतो. हे अनुवादात दिसायला हवं. 'टोळी' म्हटलं की ते पुसलं जातं, कारण मराठीत टोळी म्हटल्यावर टोळीयुद्ध आणि दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. 'जमात' म्हटलं की अनुसूचित जमातींची यादी.

व्युत्पत्ती: जुनं केल्टिक रूप 'तौता'. वेल्शमध्ये 'तीद', लिथुआनियनमध्ये 'ताउता' (राष्ट्र), गॉथिकमध्ये 'थिउदा', आणि त्याच जर्मानिक शाखेतून 'डॉइच'. म्हणजे जर्मन लोक स्वतःला जे म्हणतात त्याचा मूळ अर्थ 'लोकांचं, लोकभाषेतलं' इतकाच, आणि तो शब्द तूअचा चुलतभाऊ.

लिंबलोण
तूअचा अर्थ कोशात 'खेडेगाव' दिलाय, आणि दुसऱ्या नोंदीत 'उत्तर दिशा'. कुठलं खरं?

कंदील
दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग एकच.

पहिला आपला लोक-मुलूखवाला. राज्यं संपली, शब्द उरला आणि आजच्या आयरिशमध्ये 'फीन तूअ' म्हणजे शहराबाहेर, गावाकडे. स्कॉटिश गेलिकमध्ये तोच रयतेसाठी आला, आणि 'तूअनख' म्हणजे शेतकरी. आपल्या 'कूळ' शब्दाचा प्रवास आठवा: घराणं, आणि खंडाने जमीन कसणारा.

दुसरा तूअ म्हणजे डावा आणि म्हणून उत्तर. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे उत्तर. उजवा आणि दक्षिण यासाठी 'देस'. हा आपल्या 'दक्षिण'चा सख्खा नातेवाईक आहे, आणि तिथेही उजवा व दक्षिण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात. उजवी घालून फिरण्याला 'देशल' म्हणतात. प्रदक्षिणाच ती.

कोशात शोधताना वाक्यात दिशा आहे की माणसं आहेत ते बघा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

धातुसाधित
आता 'फिने'. एफ-आय-एन-ई, पण 'फाइन' नव्हे. हा खरा रक्ताच्या नात्याचा शब्द, आणि मराठी वाचकाला समजावायला सगळ्यात सोपा: भावकी.

जुन्या आयरिश कायद्यात फिनेची मोजदाद पिढ्यांनी होते. समान आजोबांचे सगळे पुरुष वंशज ती 'गेलिने'. समान पणजोबांचे ती 'देर्विने', म्हणजे खरी भावकी. (लिहिताना दोन्हींत मध्ये एफ आहे, समासात तो मुका होतो.) देर्विनेत पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा अशा चार पिढ्या, आणि आडवं बघितलं तर सख्ख्या भावापासून चुलत-चुलत भावापर्यंत सगळे.

हा कागदी हिशेब नव्हता. कुळाच्या जमिनीची वाटणी याच गटात व्हायची, आणि बाकीच्यांच्या संमतीशिवाय ती बाहेर विकता येत नसे. कुणी खून करून पळाला तर भरपाई त्याच्या भावकीवर. स्वतंत्र माणसाच्या देहाची भरपाई ७ कुवल ठरलेली, आणि वर मेलेल्याच्या नातेवाइकांच्या मानाप्रमाणे वेगळं देणं.

ओसरी
चार पिढ्या म्हणजे मिताक्षरा या जुन्या हिंदू कायदेग्रंथातले सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेचे वाटेकरी)! मूळ पुरुष आणि खाली तीन पिढ्या. श्राद्धाला पिंडही तीनच: बाप, आजा, पणजा. देणारा धरून चार.

धातुसाधित
बरोब्बर. म्हणून 'फिने'साठी 'भावकी' आणि 'देर्विने'साठी 'चार पिढ्यांची भावकी' इतकं पुरे. 'सपिंड' तांत्रिकदृष्ट्या जवळचा, पण त्यात विवाहाचे आणि सुतकाचे वेगळे हिशेब येतात, पिढ्यांची मर्यादाही बदलते. वाचक गोंधळेल.

तिरपी_रेघ
'केनेल' राहिला. याच्या दोन खोड्या.

पहिली: हा शब्द लॅटिन 'गेनुस' आणि संस्कृत 'जन' यांच्याकडून आला, असं खूप ठिकाणी वाचाल. दिसतो तसा, पण आवाज जुळत नाहीत. 'जन'मधल्या ज च्या जागी केल्टिकमध्ये ग येतो. आयरिश 'गेन' म्हणजे जन्म, तो खरा जनचा भाऊ. केनेलमध्ये क आहे, म्हणून धातू वेगळा: 'उगवणे, उत्पन्न होणे' या अर्थाचा. स्कॉटिश 'किन्यग' (कुळ) त्याच धातूचा, आणि क्लॅनच्या प्रमुखाला गेलिकमध्ये 'क्लान'वरून नव्हे तर यावरून 'क्याउन-किन्यी' म्हणतात, कुळाचं डोकं. वेल्शमध्ये जोडीदार 'केनेड्ल', अर्थ राष्ट्र. आजच्या आयरिशमध्ये मात्र केनेलचं 'किन्याल' होऊन अर्थ उरला नुसता 'प्रकार'.

दुसरी: 'केनेल नेओगन' असं लिहिलेलं दिसलं की नाव 'नेओगन' आहे असं समजून छापतात. नाव 'एओगन'. जुन्या आयरिशमध्ये केनेल नपुंसकलिंगी होता आणि त्याच्या पुढच्या शब्दाला अनुनासिक चिकटतं, स्वराने सुरू होत असेल तर सरळ एन. छोटा एन आणि पुढे मोठं अक्षर अशी जोडी दिसली की एन सोडून द्या. मराठीत 'एओगनचं कुळ'. त्याच एओगनचा मुलूख 'टीर ओगन', इंग्रजीत टिरोन परगणा.

लिंबलोण
आणि आयर्लंडमधला 'केरी' परगणा?

तिरपी_रेघ
'किअर-रये' म्हणजे किअरचे लोक. 'रये' हा प्रत्यय जमातींच्या नावांना लागतो. 'कोनाख्त' म्हणजे कॉनचे वंशज. 'दाल' म्हणजे वाटा, हिस्सा: 'दाल रिअदा' हे जुनं राज्य, म्हणजे रिअदाचा वाटा. 'कोर्का' लागला की तेही लोकांचं नाव: डिंगल द्वीपकल्पाचं 'कोर्का गिव्ने'. इतके शब्द एकाच अर्थाभोवती, म्हणून 'गेलिकमध्ये ट्राइबला काय म्हणतात' याला एका शब्दाचं उत्तर नाही.

पण सगळ्यात जुना लेखी शब्द वेगळाच आहे आणि तो यादीत नाही: 'मुकोइ'. ओघम (रेघा-खाचांची जुनी आयरिश लिपी) कोरलेल्या शिलांवर येतो. साधारण चौथ्या ते सातव्या शतकातल्या, शिल्लक चारशेच्या आसपास, मोठा भरणा आयर्लंडच्या दक्षिणेला. ठरलेला साचा: अमक्याचा (दगड), 'मकी' तमक्याचा, 'मुकोइ' फलाण्याचा. मकी म्हणजे मुलाचा (आजचा 'मॅक'), मुकोइ म्हणजे त्या मूळपुरुषाच्या गोताचा. डिंगल भागातल्या शिलांवर 'मुकोइ दोविनिअस' आहे. कोर्का गिव्नेमधली गिव्ने ती हीच, आणि ती मूळपुरुष नसून मूळस्त्री.

वाचायचं कसं: दगडाची कड हीच रेघ. खालून डावीकडून सुरू करायचं, वर जायचं, मजकूर उरला तर माथ्यावरून पलीकडे उतरायचं. २० अक्षरं, पाच-पाचाचे ४ गट: कडेच्या उजवीकडच्या रेघा, डावीकडच्या, कड छेदणाऱ्या तिरप्या, आणि स्वरांसाठी कडेवरच्या बारीक खाचा. मुकोइ म्हणजे १ तिरपी (म), ३ खाचा (उ), डावीकडे ४ रेघा (क), २ खाचा (ओ), ५ खाचा (इ). मकी म्हणजे १ तिरपी, १ खाच, डावीकडे ५ रेघा, ५ खाचा.

चुका कुठे होतात तेही सांगतो. खाचा उथळ आणि नेमक्या कडेवर, त्यामुळे झिजतात त्या पहिल्या. स्वर गेले की म-क इतकंच उरतं आणि मकी की मुकोइ हा वाद सुरू होतो. तेव्हा डावीकडच्या रेघा मोजायच्या: ४ असतील तर मुकोइ, ५ असतील तर मकी. दुसरं, सलग खाचांमधलं अंतर बघायचं. १ आणि २ खाचा जवळ आल्या तर अ-ओ च्या जागी उ वाचला जातो.

कंदील
हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. +१

ओसरी
'ट्रेव'चं काय? नाव ट्राइबसारखं वाटतं.

धातुसाधित
स्कॉटिश गेलिक 'ट्रेव' हा लॅटिन 'त्रिबुस'वरून घेतलेला धरतात, म्हणजे इंग्रजी ट्राइबचाच भाऊ. आयरिशमध्ये याच्याजवळ एक देशी शब्दही आहे, 'त्रेव' म्हणजे घर, वस्ती (वेल्शमध्ये 'त्रेव' म्हणजे गाव). दोघांची सरमिसळ झाली.

ट्रेव जुन्या समाजरचनेचा शब्द नाही, तो पुस्तकी आहे. बायबलात इस्राएलचे बारा ट्रेव. गेलिक नवा करार १७६७ साली आला आणि संपूर्ण बायबल १८०१ पर्यंत, त्यातून हा शब्द घरोघरी गेला. मराठी बायबलात तिथे 'बारा वंश' आहे. आजच्या बातम्यांत अॅमेझॉनमधल्या किंवा आफ्रिकेतल्या जमातींबद्दल लिहायचं तर आयरिश माणूस हाच वापरतो. म्हणून इंग्रजी-गेलिक कोशात 'ट्राइब' टाकलं की हा वर येतो, आणि लोक तो सातव्या शतकातल्या राजाच्या तोंडी घालतात.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, बरंच पाडून परत बांधावं लागणार. अजून दोन गोष्टी. मजकुरात शब्द वेगवेगळ्या रूपांत येतात, काही कोशात सापडतच नाहीत. आणि 'तूअहा दे दानान'चं (आयरिश पुराणांतले देवलोक) काय करू? एका ठिकाणी ते दनूची मुलं, म्हणजे दानव, असं वाचलं.

कंदील
दानव जोडू नका. त्या देवलोकांना आधी नुसतं 'तूअ दे' म्हणत, देवाचे लोक. अडचण अशी की आयरिश ग्रंथांत इस्राएली लोकांनाही तेच म्हणत, आणि 'दानान' ही जोड नंतरची. 'दानू' हे प्रथमेचं रूप जुन्या ग्रंथांत आढळत नाही, ते आधुनिक अभ्यासकांनी षष्ठीवरून मागे जाऊन बनवलेलं आहे. त्यावर वैदिक दनू उभी करणं म्हणजे वाळूवर वाडा. मी 'दानानच्या देवतेचे लोक' असंही लिहिणार नाही. 'तूअहा दे दानान' तसंच ठेवा, पहिल्यांदा आल्यावर 'देवलोकांचे गण' इतकी ओळख द्या.

तिरपी_रेघ
शब्दरूपांसाठी. कोशात बघण्याआधी शब्दाचं पुढचं टोक साफ करा. पहिल्या व्यंजनानंतर एच असेल तर तो काढा: सी-एच-एल-ए-एन-एन दिसलं तर सी-एल-ए-एन-एन शोधा. पुढे परकं अक्षर चिकटलं असेल तर ते काढा: जी-सी मधला जी, डी-टी मधला डी, बी-एच-एफ मधला बी-एच. 'वीने' असा उच्चार ऐकू आला आणि बी-एच-एफ लिहिलेलं दिसलं तर तो फिनेच आहे. मग शेपूट. 'क्लिन्ये' (स्कॉटिशमध्ये सी-एल-ओ-आय...) ही क्लानची षष्ठी, 'तूइहे' ही तूअची.

एवढं करूनही सापडलं नाही तर स्पेलिंग जुनं करा: एन-एन च्या जागी एन-डी, यू वर मात्रा. जुन्या-मधल्या आयरिशसाठी ई-डिल हा मोफत कोश, रॉयल आयरिश अकादमीच्या १९१३ ते १९७६ मध्ये निघालेल्या कोशावर आधारलेला. आजच्या आयरिशसाठी टांगलान, तिथे तीन बोलींतले उच्चारही ऐकता येतात. तिथे 'क्लान' ऐका: दक्षिणेत क्लाउन, पश्चिमेत क्लान, उत्तरेत क्लॅनच्या जवळ. स्कॉटिशही क्लाउनकडे झुकतो. देवनागरीत एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

ओसरी
एक शंका. आपल्याकडच्या इंग्रजी लिखाणात शहाण्णव कुळींना 'नाइंटी-सिक्स क्लॅन्स' म्हणतात. मग उलट्या बाजूने 'क्लान'ला 'कुळी' का नको?

धातुसाधित
स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाबद्दल लिहिताना 'कुळी' चालेल, एका सावधगिरीसह. तिथल्या क्लॅनमधले सगळे रक्ताचे नव्हते. जमीन कसणारी, संरक्षणाला आलेली माणसं प्रमुखाचं आडनाव लावत. प्रमुखाचे वंशपरंपरागत न्यायाचे अधिकार कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्याने काढून घेतले, तोवर तो नातेवाईक कमी आणि वतनदार जास्त होता. जुन्या आयरिश कथेत मात्र 'क्लान' आला की 'मुलं' किंवा 'वंशज'. लिरची मुलं या प्रसिद्ध कथेच्या आयरिश नावात 'क्लान' हाच शब्द आहे, आणि ती चार भावंडं हंस होतात. तिथे 'लिरची कुळी' लिहिलंत तर तळ्यात शंभरेक हंस सोडावे लागतील.

पाटीपेन्सिल
:) तिथे 'लिरची लेकरं' करतोय. तूअ तसाच, पहिल्यांदा 'राजा आणि मुलूख असलेला गण' अशी टीप. फिने भावकी, केनेल कुळ, शील बीज. ट्रेव मजकुरात एकदाच आहे आणि तो बायबलच्या उल्लेखात, तिथे वंश.

तिरपी_रेघ
'केनेल'ला कुळ करताय तर 'केनेल नेओगन'मधला न काढायला विसरू नका. आणि 'शील'नंतरही तोच न येतो, तोही नपुंसकलिंगी होता.